उलटं शिकलेली बोटं

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात सगळे तिला आकडेबाई म्हणत. ते काही तिचं आडनाव नव्हतं, पण अंगाला इतकं चिकटलं होतं की एका नव्या साहेबांनी वार्षिक समारंभात ‘श्रीमती आकडे’ म्हणून तिचा जाहीर सत्कार केला, आणि तिनेही तो पुष्पगुच्छासकट निमूट स्वीकारला. गावभरच्या नळांच्या मीटरचे आकडे यंत्रात भरणं हे तिचं काम. मीटर वाचणारे लोक घरोघरी फिरून कागदांच्या चळती तिच्या टेबलावर आणून टाकत आणि ती, कागदावरची नजर न हलवता, उजव्या हाताने ते सगळे आकडे बटणांवर वाजवून मोकळी होई.

स्वतःबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. देवाने माझं डोकं घाईघाईत उरकलं आणि वाचलेला वेळ बोटांवर घालवला, असं ती म्हणे. त्यात तथ्य होतं. कुणी तिला तिच्याच घरचा फोन नंबर विचारला तर तो तिला तोंडाने सांगता येत नसे. समोरच्याला हाताने थांबवून ती मिळेल त्या सपाट जागेवर बोटं आपटून बघे, कुठलं बोट कुठे पडलं ते न्याहाळी, आणि मग एकेक आकडा वाचून दाखवल्यासारखा सांगे. सपाट जागा म्हणजे टेबल, पर्स, भिंत, काहीही. एकदा बसमध्ये तिने ती जागा पुढच्या माणसाच्या पाठीवर शोधली. त्याने वळून पाहिलं तेव्हा “नंबर आठवतेय” असं तिने खरं तेच सांगितलं, पण त्याने जागा बदलली ती बदललीच.

पाठीची सवय तिला वडिलांमुळे लागली होती. ती नोकरीला लागली तेव्हा कार्यालयात बेरजेचं एक लोखंडी, वजनदार यंत्र होतं. सदा सर्दीने बेजार असलेल्या हेडक्लार्कनी तिला त्याच्यापुढे बसवलं. त्याच्याही आधीच्या यंत्रावर म्हणे एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरासाठी नऊ-नऊ बटणांची वेगळी रांग असायची, अख्खी पेटी बटणांनी पुरळ उठल्यासारखी भरलेली. मग कुणीतरी दहा बटणांत भागवलं. वर सात-आठ-नऊ, मधे चार-पाच-सहा, खाली एक-दोन-तीन, आणि तळाशी लांबट शून्य. पाचावर बारीक उंचवटा. मधलं बोट त्या उंचवट्यावर ठेवायचं, म्हणजे बाकीची बटणं आपोआप सापडतात, असं हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी यंत्रावर चपलांचं एक रिकामं खोकं उपडं घातलं. हात जाण्यापुरतं भोक ठेवलं होतं. बघायचं नाही, एवढीच शिकवणी.

घरी यंत्र नव्हतं. वडिलांची पाठ मात्र दुखत होती. ते संध्याकाळी पालथे पडत आणि ती त्यांच्या पाठीवर पाच कुठे ते ठरवून आकड्यांचा सराव करी. वडिलांना ते चेपल्यासारखं वाटे आणि ते घोरू लागत. महिनाभरात तिची बोटं तयार झाली आणि वडिलांची पाठ बरी झाली. “माझं सगळं शिक्षण वडिलांच्या पाठीवर झालं,” असं ती पुढे सांगे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून आल्यावर खुलासा करी.

मग तिला गर्व झाला. नुसतं न बघता भरून तिचं समाधान होईना. कुणी बघतंय असं दिसलं की ती मुद्दाम खिडकीबाहेर पाही, शेजारणीशी बोले, डाव्या हाताने वेणी नीट करी, आणि उजवा हात आपला खडखडत राही. इतर खात्यांतले लोक उगाच काम काढून बघायला येत. आरशात स्वतःचा उजवा हात तिने किती वेळा पाहिला असेल, हे विचारू नका, असं ती सांगे. चेहऱ्याकडे बघायला मात्र वेळ मिळाला नाही, आणि तेही एका परीने बरंच झालं.

तोवर कार्यालयातला फोन गोल तबकडीचा होता. भोकात बोट घालायचं, फिरवायचं, सोडायचं, वाट बघायची. एक दिवस टेलिफोनचा मिस्तरी आला, तबकडीचा फोन काढून नेला आणि बटणांचा बसवून गेला. साहेबांनी हसून तिच्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, याचं उद्घाटन आकडेबाईच करतील. तिला ते मनापासून पटलं.

उद्घाटनाचा योगही लगेच आला. बाजाराच्या रस्त्यावर मोठी पाइपलाइन फुटली. दुकानांत पाणी शिरू लागलं, माणसं ओरडत कार्यालयात आली, आणि साहेबांनी तिला पंपहाउसला फोन लावायला सांगितला. सगळे बघत होते. तिने फोन जवळ ओढला, नजर साहेबांच्या चेहऱ्यावर ठेवली आणि न बघता बटणं दाबली. पलीकडे बाईचा आवाज आला. पंपहाउसला बाई कुठून आली, हा विचार करायला जे लागतं ते देवाने घाईत उरकलं होतं.

“पाणीपुरवठ्यातून बोलतेय,” ती म्हणाली. “मेन व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करा. पुढचा निरोप येईपर्यंत उघडायचा नाही.”

कोण बोलतंय, कुठला व्हॉल्व्ह, असं काहीतरी पलीकडून आलं. साहेबांचा हुकूम आहे, असं ठणकावून तिने फोन ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली.

फोन लागला होता एका चार मजली इमारतीतल्या घरात. उचलणारी बाई विधवा, करारी, आणि सरकारी हुकूम म्हणजे हुकूम असं मानणारी. ती पक्कड घेऊन खाली उतरली, इमारतीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह गच्च बंद केला आणि कुणी तो उघडू नये म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसली. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ डोक्याला साबण लावून उभे होते. त्यांनी जिन्यात येऊन विनवण्या केल्या. बाई म्हणाली, निरोप आला की उघडीन. इकडे पंपहाउसला कुणी काही कळवलंच नव्हतं. बाजारात गुडघाभर पाणी झालं तेव्हा एक व्हॉल्व्हमन स्वतःच्या अकलेने सायकल मारत गेला आणि त्याने ते थांबवलं.

दुसऱ्या दिवशी फोनच बिघडलेला आहे, असं सर्वानुमते ठरलं आणि मिस्तरीला बोलावणं गेलं. त्याने फोन उघडला, मिटला, आणि तिला पुन्हा नंबर लावायला सांगितलं. तिने डोळे वर करून लावला. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला, मग बटणांकडे, आणि मग खुर्चीवर बसून हसायला लागला. फोनवर एक-दोन-तीन वरच्या रांगेत होते आणि सात-आठ-नऊ खालच्या. तिच्या यंत्राच्या बरोबर उलट. फोनवाल्यांनी लोकांना बसवून निरनिराळ्या मांडण्या करून पाहिल्या आणि ही बरी वाटली, एवढं त्याने ऐकलं होतं. बेरजेच्या यंत्रवाल्यांनी सात वर का घेतला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दोघांनी एकमेकांना विचारलं नसावं, असं तो म्हणाला. फोन बसवल्यापासून आपण एकदाही त्याच्याकडे पाहिलेलं नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

तेवढ्यात ती करारी बाई मुलाला घेऊन कार्यालयात हजर झाली. निरोप अजून आला नव्हता, आणि साबणवाल्या गृहस्थांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. साहेबांनी सरळ आकडेबाईकडे बोट दाखवलं. तिने माफी मागितली. बाईने ती घेतली नाही. इमारतीतल्या प्रत्येक घरी येऊन माग, असं बाई म्हणाली. तिला जावं लागलं. मुलगा जिना चढताना तिच्या पुढे होता आणि प्रत्येक दारात तिच्याआधी तोच ओशाळून हसत होता. छापखान्यात अक्षरं जुळवायचं काम करणारा शांत माणूस. उलटी अक्षरं वाचायची त्याला सवय होती, त्यामुळे तिची भानगड त्याला चटकन कळली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. तिला नवरा मिळाला त्याला कारण एक चुकीचा नंबर, आणि त्या नंबरावर फोन उचलला होता सासूबाईंनी. त्यामुळे मागणी नक्की कुणाला घातली गेली, यावर घरात अजून एकमत नाही.

सासूबाईंनी ते प्रकरण कधी मिटू दिलं नाही. नळाला पाणी नसलं की त्या स्वयंपाकघरातून विचारत, “तुझा फोन येऊन गेला का गं?” पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणत, ही आमची सून, चुकून लागली. आकडेबाई हसून घेई. दोघी काही गळ्यात गळा घालणाऱ्यातल्या नव्हत्या. पण एकीचं बोलणं दुसरीला झोंबलं तरी जेवणाची वेळ चुकत नसे.

पुढे बटणं वाढतच गेली. लोखंडी यंत्र जाऊन कॉम्प्युटर आला; त्याच्या कीबोर्डच्या उजव्या अंगाला सात-आठ-नऊ वरच होते, म्हणून ती वाचली. मोबाइल आला, त्यात एकेका बटणाच्या पोटात तीन-तीन, चार-चार अक्षरं. हवं ते अक्षर यायला बटण मोजून दाबायचं, आणि तिची बोटं इतकी उतावीळ की दरवेळी एक अक्षर पुढे निघून जायची. ‘येते’ एवढं नवऱ्याला कळवायला तिला बसचे तीन थांबे लागत. तोवर ती घरी पोहोचलेली असे. नवरा म्हणायचा, तुझा मेसेज तुझ्या मागून येतो.

एटीएमचं तर विचारायलाच नको. कार्डाचा गुप्त नंबर आला तो तिने कार्यालयातल्या कीबोर्डवर बोटांना पाठ करून घेतला, कागद फाडला आणि ऐटीत मशिनसमोर जाऊन उभी राहिली. न बघता दाबला. चूक. पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी मशिनने कार्ड गिळलं. बँकेतल्या मुलीने सहानुभूतीने विचारलं, नंबर विसरलात का. “विसरले नाही,” ती म्हणाली, “मला तो माहीतच नाही. बोटांना माहीत आहे.” मुलीने तिला पाणी दिलं आणि घरून कुणाला बोलवू का, असं विचारलं.

ही सगळी हसण्याची गोष्ट होती. मग सासूबाईंना काचबिंदू झाला. बराच काळ त्यांनी कुणाला सांगितलं नाही; दाराच्या चौकटीला खांदा लागला तर चौकटीलाच बोलत. डॉक्टरांकडे नेलं तोवर एक डोळा गेला होता, आणि दुसरा पुढच्या वर्षात गेला. त्यांचं बोलणं कमी झालं. नळाला पाणी आलं नाही तरी त्या काही विचारीनात, आणि ते आकडेबाईला टोमण्यापेक्षा जड जाऊ लागलं. आकडेबाईच्या मुलीने आजीसाठी काचेचा नवा फोन आणला. आंधळ्या माणसांसाठी त्यात बोलण्याची सोय होती. बोट फिरवलं की फोन काय काय ते सांगे. सासूबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि फोन परत केला. सगळीकडे सारखंच गुळगुळीत आहे, त्या म्हणाल्या, बोट ठेवायला जागाच नाही.

आकडेबाईने कपाटातून आपला जुना बटणांचा मोबाइल काढला, चार्ज केला आणि त्यांच्या हातात दिला. पाचावरचा उंचवटा बोटाला लावून दिला. या कामात तरी आपला हात कुणी धरणार नाही, असं तिला वाटत होतं. तिने हेडक्लार्कांसारखं शिकवायला सुरुवात केली. खोक्याची गरज नव्हती. सासूबाईंची बोटं जाडसर, हट्टी. पण त्यांनी सोडलं नाही. जेवणानंतर त्या फोन मांडीवर घेऊन पुटपुटत बसत. आठवड्याने त्यांनी आपल्या बहिणीला पहिला फोन लावला.

फोन एका बांधकामाच्या कंत्राटदाराने उचलला. सासूबाईंनी बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली. कंत्राटदाराने थोडा वेळ उत्तरं दिली, कारण त्याचाही गुडघा दुखत होता. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी बोटांनी बटणं पुन्हा चाचपली आणि हाक मारली.

“अगं, वरच्या रांगेत काय आहे म्हणालीस?”

“सात, आठ, नऊ,” आकडेबाई म्हणाली, आणि तोंडातून शब्द बाहेर पडताच तिला आपलं लोखंडी यंत्र आठवलं.

सासूबाई हसल्या. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, आणि इतक्या, की नवरा आंघोळ अर्धी टाकून बाहेर आला. एवढी वर्षं त्या सुनेला ज्यावरून बोलत होत्या, तेच सुनेने त्यांना मन लावून, आठवडाभर शिकवलं होतं. आकडेबाईला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमिनीच्या जागी फरशी होती आणि नवऱ्याच्या अंगावरचं पाणी तिथे ठिबकत होतं. तिने ते पुसलं.

सरळ शिकायला सासूबाईंना फार दिवस लागले नाहीत. शिकल्यावर मात्र त्यांनी उसंत घेतली नाही. बहिणीला, भाच्यांना, औषधवाल्याला, साबणवाल्या गृहस्थांच्या मुलालासुद्धा त्या फोन करू लागल्या. कंत्राटदारालाही अधूनमधून करत. गुडघ्यावरचं तेल त्यांनी त्याला सुचवलं होतं. कार्यालयात आकडेबाईला दुपारी त्यांचा फोन येई, आणि बाकीचे कामं थांबवून तिच्या चेहऱ्याकडे बघत.

डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या सासूबाईंनी शेजारणीच्या हातात आपला फोन दिला आणि पाच कुठे ते दाखवलं. तिथून हे लोण पसरलं. आधी ती शेजारीण घरी आली, मग तिची ओळखीची एक निवृत्त शिक्षिका, मग एक म्हातारे ट्रकड्रायव्हर. आकडेबाई संध्याकाळी घरी येई तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून सगळे बसलेले असत आणि सासूबाईंचा तास चाललेला असे. तासाची सुरुवात नेहमी एकाच उदाहरणाने होई. सून घरात आली तरी ते उदाहरण मधे थांबत नसे. ती चपला काढता काढता ऐके, चुकलेले तपशील दुरुस्त करी, आणि साबणवाला कुठे उभा होता तेही सांगे.

त्याच सुमारास तिचं काम गेलं. नोकरी राहिली, काम गेलं. नवे मीटर आपले आकडे आपणच कार्यालयात पाठवू लागले. तिला चौकशीच्या खिडकीत बसवून हातात काचेची पाटी दिली. तिची बोटं त्या काचेवर अशी घसरत, की पुढे उभ्या माणसाने तिचं सांत्वन करावं. गावातला सगळ्यात जलद उजवा हात आता एकाच बोटाने, नीट बघून, काचेवर टिकटिक करत होता. एकदा एका बाईने खिडकीतून हात आत घालून तिच्यासाठी बटण दाबून दिलं. आकडेबाईने तिचे आभार मानले. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा वर्गात हशा पिकला, आणि तिला तो, खरं सांगायचं तर, आवडला.

मग तीही वर्गात बसू लागली. शिकवायला नव्हे, तेवढा विश्वास सासूबाईंनी टाकला नाही. तिचं काम म्हणजे बाजारातून जुने बटणांचे फोन शोधून आणणं. ते मिळेनासे झाले होते. दुरुस्तीच्या दुकानात ती खोक्यात हात घालून, डोळे मिटून, एकेक फोन चाचपून बघे. दुकानदाराला आधी ती आंधळी वाटली. मग तिने डोळे उघडल्यावर तो दचकला. ज्यांच्या पाचावरचा उंचवटा झिजलेला असे, त्यावर ती नेलपॉलिशचा थेंब टाकी आणि वाळेपर्यंत फुंकर घाली.

ट्रकड्रायव्हरांना सगळ्यात वेळ लागला. त्यांचे हात स्टीअरिंगचे. एका बोटाखाली दोन बटणं दबत. त्यांना एकच नंबर शिकायचा होता, त्यांच्याबरोबर गाडीवर असलेल्या क्लीनरचा. तोही आता म्हातारा होऊन दुसऱ्या गावी मुलीकडे राहत होता. घरातली माणसं फोन लावून देत, पण देताना विचारत, काय काम आहे. आणि काम काही नसे, म्हणून ते सांगायचे, राहू दे. एका संध्याकाळी त्यांनी नंबर लावला. सासूबाई मान कलती करून ऐकत होत्या. घंटी वाजली, कुणीतरी उचलला.

“मी बोलतोय,” ड्रायव्हर म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, काम काही नाही. सहज केला.”

पलीकडून जोरात काहीतरी बोलणं सुरू झालं आणि ड्रायव्हर उठून, भिंतीला हात लावत, गॅलरीत गेले. कुणी त्यांना धरायला गेलं नाही. शिक्षिकेने पदराने नाक पुसलं. आकडेबाईलाही काहीतरी होऊ लागलं, तेव्हा ती सगळ्यांसाठी चहा टाकण्याच्या निमित्ताने आत गेली. आधण ठेवलं, पातेल्यासमोर उभी राहिली, आणि आपण रडतोय की वाफ लागतेय, याचा नीट विचार करू लागली. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. बाहेरच्या खोलीतून, दहा पावलांवरून, सासूबाईंनी केला होता.

“साखर बेताने घाल,” त्या म्हणाल्या. “आणि ड्रायव्हरांचा चहा झाकून ठेव. त्यांना वेळ लागेल.”